हलव्याच्या बांगड्या, चार जोड

आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरात शोभेची म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, ताटल्या पांढऱ्या, आणि सोफा असा राखाडी की त्यावर बसलेला माणूससुद्धा थोड्या वेळाने राखाडी दिसायला लागे. बाहेरून घर वाळूच्या रंगाचं, शेजारचंही वाळूच्या रंगाचं, अंगणात गवताऐवजी खडी; आणि कॉलनीच्या कमिटीचा नियम असा की दाराला वेगळा रंग द्यायचा झाला तरी आधी परवानगी काढायची. इतर मराठी घरांमध्ये निदान दाराच्या आत तरी हौस असायची. तोरण, समई, भिंतीवर वारलीची फ्रेम, टीव्हीखाली सावंतवाडीची लाकडी फळं. आमच्या टीव्हीखाली टीव्हीची वायर होती. आईला नक्षी खपत नसे. "नक्षी म्हणजे धूळ साठायची जागा," असं ती म्हणायची. कुणी भेट म्हणून काही नक्षीदार आणलंच तर "छान आहे हं" म्हणत हातात घ्यायची आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाला देऊन टाकायची. एका काकूंनी दिलेला पितळी मोर असाच फिरत फिरत त्यांच्याच घरी परत गेला होता. त्यांनी तो ओळखला की नाही कोण जाणे, पण पुढच्या वर्षी त्यांच्याकडून आम्हाला टॉवेल आले.

आई एका ऑफिसात मोठ्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगच्या नळांची ड्रॉइंग्ज करायची. बाबा चिप बनवणाऱ्या कारखान्यात होते, जिथे आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवावा लागे. दोघंही दिवसभर रेघांमध्ये असायची आणि संध्याकाळी त्यांना शांतता लागायची. घराचा आवाज म्हणजे एसीची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, आणि मागच्या लिंबाच्या झाडावर होल्यांचं घुमणं. रविवारी आई आठवड्याची भाजी-आमटी करून एकसारख्या डब्यांत भरून ठेवी, डब्यांवर वार लिहिलेले. बुधवारची उसळ मंगळवारी खाल्ली तर तिला चालत नसे. बाबा मात्र गुपचूप सगळ्या वारांचं खायचे आणि झाकणं बदलून ठेवायचे. घरात बंडखोरी म्हणतात ती एवढीच.

हे इतकं सांगायचं कारण, त्या वयात मला आईचा काहीच पत्ता लागत नव्हता. मी आठ महिन्यांची असताना मला सांगलीला माईकडे, म्हणजे आईच्या आईकडे, पाठवून दिलं होतं. यात जगावेगळं काही नव्हतं. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांनी तेव्हा हे केलंय. आई शिकत होती, बाबांच्या पगारात घरभाडं आणि पाळणाघर दोन्ही बसत नव्हतं, आणि सुट्टीत भारतात जाणारं कोणी ना कोणी असायचंच; त्याच्या कडेवर पोर द्यायचं. मी परत आले ती पाच वर्षांची होऊन. विमानतळावर पांढऱ्या शर्टातल्या एका बाईकडे बोट दाखवून मला सांगण्यात आलं, ही तुझी आई. मी तिला आई म्हणाले. पाढे म्हणतात तसं म्हणाले. त्यानंतर ती माझे केस विंचरायची, अभ्यास घ्यायची, ताप आला तर रात्रभर जागायची, पण मला वाटायचं, ही हे सगळं त्या डब्यांसारखं करतेय, वार लिहून. पाठवलं ते पाठवलं, मधल्या वर्षांत ती एकदाही मला बघायला आली नव्हती. तिला मी हवी होते का? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. तो माझ्याजवळ होता, आणि मी सतरा वर्षांची झाले तरी होता.

शाळेच्या त्या शेवटच्या वर्षी जवळच्या कॉलेजात संध्याकाळचा एखादा कोर्स घेता यायचा. मी नक्षीच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या इतिहासाचा घेतला. मला त्याची ओढ होती असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे तोच एक माझ्या वेळापत्रकात बसत होता. बाबांनी फॉर्मवर 'डिझाइन' हा शब्द वाचला आणि त्यांना वाटलं, चिपचं डिझाइन असेल. ते खुश झाले. आईने कोर्सचं नाव नीट वाचलं आणि म्हणाली, "हे शिकवतात? क्रेडिट मिळतं याला?"

शिकवणाऱ्या मिसेस ब्रँट उंच, वाकलेल्या आणि बारीक आवाजाच्या होत्या. अंधाऱ्या वर्गात त्या चित्रांमागून चित्रं दाखवत. एका काटेरी रोपाचं पान ग्रीक लोकांनी खांबाच्या डोक्यावर कोरलं. मग ते रोमला गेलं, तिथून चर्चमध्ये, राजाच्या खुर्चीच्या पायावर, वॉलपेपरवर, आणि शेवटी फिनिक्समधल्या एका जुन्या बँकेच्या दारावर. पान तेच, पण ज्यांनी ते कोरलं त्यातल्या बहुतेकांनी ते रोप कधी पाहिलेलं नव्हतं. नक्षी कशाची आहे हे ती पुढे नेणाऱ्याला माहीत असावंच लागत नाही, असं त्या म्हणाल्या. मी चक्रावले. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भेंडी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे दोन हजार वर्षं सगळे एकमेकांची कॉपी करतायत. आणि तुम्ही ती बघायला फी भरताय." मला हसूही आलं आणि रागही. बाईंचं बरोबर वाटायचं, घरी आलं की आईचं बरोबर वाटायचं. आज मी एका संग्रहालयाच्या भांडारात शोभेच्याच वस्तू सांभाळते, त्यावर माझं पोट चालतं, आणि अजूनही एखाद्या चांदीच्या चहादाणीवरची वेलबुट्टी बघताना माझ्या मनात भेंडी चिरल्याचा आवाज येतो.

सत्राच्या मध्यावर मिसेस ब्रँटनी सांगितलं, प्रत्येकाने घरातली एक नक्षीची वस्तू आणा. मी घरभर फिरले. खरोखर काही नव्हतं. देवसुद्धा आईने एका साध्या पांढऱ्या फळीवर ठेवले होते. शेवटी बाबांकडे गेले. त्यांनी मोठ्या उत्साहाने त्यांच्या चिपचा मोठा केलेला फोटो आणला. गालिच्यासारखा दिसत होता तो, चौकटीत चौकट, काठ, वेल. मी म्हटलं, हाच नेते. तर त्यांचा चेहरा पडला. "नीरू, ही नक्षी नाही गं. यात एक रेघ शोभेची नाही. एक जरी रेघ उगाच असली ना, तर माझी नोकरी जाईल." मग ते जरा वेळ डोकं खाजवत उभे राहिले, आणि पँट्रीत जाऊन स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून एक स्टीलचा पापडाचा डबा काढला.

डब्यात मऊ कापडात गुंडाळलेल्या हलव्याच्या बांगड्या होत्या. संक्रांतीचा हलवा, पांढरा, काटेरी, दोऱ्यात ओवून गोल बांधलेला. चार जोड. मध्ये मध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या, 'खाऊ नका' असं छापलेल्या. "आईने केल्यात, जुन्या आहेत," बाबा म्हणाले. "मी नुसता पुड्या आणून बदलतो. आमच्याकडे पार्सलांबरोबर ढिगाने येतात."

"आईने? नक्षी?" मला खरंच वाटेना.

"तू घेऊन जा. मी सांगतो तिला." बाबांनी सांगितलं नाही, हे पुढे कळलं. ते विसरले. निदान ते तसं म्हणतात.

हलवा करणं हे काय काम असतं ते मला पुढे कळलं, म्हणून इथेच सांगून टाकते. परातीत तीळ नाहीतर खसखस घ्यायची, अगदी मंद आच ठेवायची, आणि साखरेचा पाक चमचा चमचा घालत बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचा, पुन्हा बोटं. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की पिवळा पडतो. बोटं भाजतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कधी दोन-दोन दिवस हे चालतं, तेव्हा कुठे दाण्यावर काटा येतो. हवेत ओलावा असला तर तोही येत नाही. त्या बाबतीत ॲरिझोनाच्या हिवाळ्याला तोड नाही. कोकणातल्या बायकांनी हेवा करावा अशी कोरडी हवा. पण ती हवा आहे म्हणून कुणी उठून हलवा करत नाही. हलव्याचे दागिने घालतात नव्या सुना आणि तान्ही मुलं. आमच्या घरात दोन्ही नव्हतं.

वर्गात मिसेस ब्रँटनी पांढरे हातमोजे घातले आणि बांगड्या राखाडी कापडावर मांडल्या. त्यांचा नियम होता, वस्तू आणणाऱ्याने आधी तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी नुसतं बघून सांगायचं. कुणी म्हणालं पोवळं. कुणी म्हणालं समुद्रातलं काहीतरी. एकाने ठामपणे सांगितलं की या कुठल्याशा फळाच्या बिया आहेत आणि त्या विषारी असणार. अखेर बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"शुगर," मी म्हटलं.

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातली बांगडी अलगद, जास्तच अलगद, खाली ठेवली. मग ती कोण घालतं, कधी घालतं असं विचारलं. मी माझ्या तोडक्यामोडक्या माहितीवर बोरन्हाणाचं सांगितलं. संक्रांतीच्या सुमाराला लहान मुलाला काळं झबलं शिवायचं, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. बाकीच्या पोरांनी ते लुटायचं. दागिनेसुद्धा शेवटी ओरबाडून खाऊन टाकतात. पाच वर्षांच्या आत करतात, त्यानंतर नाही.

"म्हणजे हा दागिना टिकू नये म्हणूनच केलेला असतो," बाई म्हणाल्या, "आणि हे तर टिकलेत. का?"

बाईंनी कॅलिपर काढला आणि एकेक जोड मोजला. मग त्यांनी ते लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले. जुनी मडकी, जुन्या वीणकामाचे तुकडे असेच मांडतात, म्हणजे कशानंतर काय आलं ते दिसतं. आणि खरोखर दिसलं. सगळ्यात लहान जोडातला हलवा ओबडधोबड होता, काही दाणे चपटे, काही जुळे. दुसऱ्यात दाणे गोल झाले. तिसऱ्यात काटा आला. चौथ्यातला काटा इतका बारीक आणि सारखा होता की पुढच्या बाकावरच्या मुलीच्या तोंडून "वॉव" गेलं.

"करणारी एकच आहे," बाई म्हणाल्या, "आणि ती शिकत गेलीय. दरवर्षी एक जोड असावा. वापराची खूण कुठेच नाही. घाम नाही, दात नाहीत, दोरा ताणलेला नाही. या कुणी कधीच घातल्या नाहीत. तुला भावंडं किती?"

"मी एकटीच."

त्या म्हणाल्या, "मग या तुझ्या असतील."

"पण मी इथे नव्हते," मी म्हटलं. "मी तेव्हा इंडियात होते. ग्रँडमदरकडे." हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात, पण माझ्यासमोर आठ कंकणं होती आणि मला काही दिसत नव्हतं. बाईंनी विषय वाढवला नाही. फक्त बांगड्या परत गुंडाळून देताना म्हणाल्या, "एक गोष्ट मला समजली नाही. मूल इतकं हळू वाढत नाही. चौथा जोड पहिल्यापेक्षा जेमतेम मोठा आहे. एकतर ते मूल आजारी असणार, नाहीतर करणारीने मूल बघितलेलंच नसणार."

घरी परत येताना बाबा गाडी चालवत होते आणि मी मांडीवर डबा धरून बसले होते. माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. जिने मला दिलं आणि बघायलाही आली नाही, तिने दर हिवाळ्यात बोटं भाजून घेतली? आणि केलंच होतं, तर इतकी वर्षं मला दाखवलं का नाही? मला राग यायला हवा होता की रडू, तेही ठरेना. मी बाबांना विचारलं, तर त्यांनी सिग्नलकडे बघत "आईला विचार" एवढंच म्हटलं.

आई जेवणाच्या टेबलापाशी ताटं मांडत होती. माझ्या हातातला डबा बघितला आणि तिचा हात ताटावरच राहिला. "तो कुणी काढला?" बाबा लगेच हात धुवायला गेले. मी सगळं सांगितलं, वर्ग, हातमोजे, कॅलिपर. तिने डबा उघडून एकेक बांगडी बघितली.

"कुणी चाटली नाही ना?"

"नाही."

"अमेरिकन लोक काहीही तोंडात घालतात," असं म्हणून ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "तुझ्या बोरन्हाणासाठी केल्या होत्या. दरवर्षी वाटायचं, या संक्रांतीला मी तिथे असेन. स्वतःच्या हाताने घालेन तुझ्या हातात. कागद अडकले होते आमचे. मी गेले असते तर परत येता आलं नसतं. वकील म्हणायचा, पुढच्या महिन्यात होईल. पुढच्या महिन्यात व्हायचं नाही, आणि संक्रांत यायची."

"मग पाठवायच्यास ना कुणाबरोबर."

"साखर आहे ती, नीरू. बॅगेत पीठ झालं असतं." ती ताटाची कड बोटाने पुसत राहिली. "आणि पाठवल्या असत्या तर म्हणजे मी येत नाही, असं झालं असतं."

मला आजही ते वाक्य तिच्या आवाजात ऐकू येतं. सतरा वर्षांत तिने मला सांगितलेली ही पहिली गोष्ट, जिच्यावर वार लिहिलेला नव्हता. मला तेव्हाच तिला मिठी मारावीशी वाटली. मी मारली नाही. आमच्याकडे ती सवय नव्हती. त्याऐवजी मी बाईंचं शेवटचं वाक्य तिला सांगितलं, चौथा जोड इतका लहान कसा म्हणून. मला वाटलं होतं ती म्हणेल, अंदाजाने केला. ती म्हणाली, "माईने सांगितलं तसा केला. दर रविवारी फोन करायचे मी, कॉलिंग कार्डावरून. माई म्हणायची, काही खात नाही गं, वाळून गेलीये पोर, मनगटं बघ कशी काड्यांसारखी झालीयेत. मी फोन ठेवला की दोरा सोडून दोन दाणे काढून टाकायचे. परत बांधायचे."

"पण मी खायचे!" मी जवळजवळ ओरडलेच. मला सांगलीचं फार आठवत नव्हतं, पण खाणं लख्ख आठवत होतं. साय घालून कालवलेला भात, तूप-गुळाची पोळी, संध्याकाळी वाटीभर भडंग, आणि फ्रॉकच्या खिशात बेदाणे. "मला समोरच्या वकीलकाकू भोपळा म्हणायच्या."

"काहीतरीच. फोटो आहेत माझ्याकडे."

फोटो तीनच होते. तिन्हीत मी कुंची घालून स्वेटरात, वर शाल. नाक आणि डोळे सोडून माझं काही दिसतच नव्हतं. आई ते फोटो हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत ती मला आग्रह कर-करून का वाढायची, ताटात काही टाकलं तर गप्प का व्हायची, हे मला तेव्हा थोडं उमगलं, आणि लगेच पुन्हा हरवलं, कारण आईने फोन उचलला होता.

सांगलीत सकाळ होती. माई नुकतीच पूजेवरून उठली होती; फोन स्पीकरवर टाकला तेव्हा मागे दूधवाल्याची घंटी ऐकू येत होती. आईने आडपडदा न ठेवता विचारलं, "माई, नीरूच्या लहानपणच्या चांदीच्या बिंदल्या आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत की. पहिल्या वाढदिवसाच्या. का गं?"

"आतून दोरा फिरव आणि पट्टीवर धरून मला माप सांग."

"फिरवायला काय, एक कापलेली आहे. हाताला रुतली म्हणून सोनाराकडून कापून घेतली होती. संक्रांतसुद्धा गेली नव्हती." माई उठली, कपाट उघडल्याचा करकर आवाज आला. मग तिने दुसरीचं माप सांगितलं. आईने तेवढाच दोरा कापला आणि चौथ्या जोडातल्या बांगडीच्या आत फिरवला. दोरा उरला. बोटभर उरला. तिने पुन्हा फिरवला, जणू दोऱ्याचीच काहीतरी चूक असणार.

"रुतली?" आई फोनकडे बघून म्हणाली. "माई, ती तर वाळलेली होती ना?"

"कुठली वाळतेय! चांगली गुटगुटीत होती. उचलून उचलून माझी कंबर गेली."

"मग मला का सांगायचीस? दर रविवारी?"

"अगं शैलू," माई म्हणाली, आणि तिला खरंच आश्चर्य वाटत होतं, "असं कुणी सांगतं का? पोर बाळसं धरतंय असं तोंडाने म्हणू नये. दृष्ट लागते."

"कुणाची दृष्ट? मी आई आहे तिची."

"आईचीच आधी लागते."

बाबा टॉवेल हातात घेऊन दारात उभे होते. मला वाटलं आई आता ओरडेल. ती खूप शांतपणे म्हणाली, "चार वर्षं मला वाटत होतं, माझं पोर उपाशी आहे. घास उतरायचा नाही माझ्या घशाखाली."

माईचा आवाज बदलला, म्हातारा झाला. "मला वाटायचं, वाळलीये ऐकलंस की येशील धावत. ती छान आहे म्हटलं असतं तर राहिली असतीस तिथेच निवांत." आणि लगेच, "पण दृष्टीचंही खरंच हो. मी मीठ-मोहऱ्या ओवाळायची रोज तिन्हीसांजेला. फोन ठेवल्यावर परत एकदा ओवाळायची."

यातलं खरं कारण कोणतं, दृष्ट की आईला ओढून आणणं, हे मी पुढे माईला अनेकदा विचारलं. कधी ती हे सांगायची, कधी ते. शेवटी शेवटी तर ती म्हणायला लागली की मी खरंच वाळलेली होते. भांडारात मी कुठल्याही वस्तूची नोंद करते तेव्हा तीन गोष्टी लिहायच्या असतात, कशाची आहे, माप काय, कशासाठी केली. पहिल्या दोन मला जमतात.

आईने फोन ठेवला. आमटी निवली होती. बाबा ती गरम करायला आत घेऊन गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आई माझ्यासमोर बसली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि इतकी माया वाटली की मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी गेले.

"किती गुटगुटीत होतीस?" तिने विचारलं.

मला काय माहीत! मी हवेत दोन हात धरले, मध्ये एखादं बाळ मावेल एवढं अंतर ठेवून.

"एवढी?" आई म्हणाली. तिने माझ्या हातांमधल्या त्या रिकाम्या जागेकडे असं बघितलं की मला तिथे खरंच वजन जाणवलं.

"नाही," मी म्हटलं, आणि हात आणखी लांब केले.